नारळ ठेवून सोडलेली दारू

माझा आजार माझ्याआधी आंब्याच्या रोपांना कळला.

मी कलमं बांधणारा माणूस. रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक रोपवाटिका आहे, तिथे एकोणीस वर्षं हेच काम केलं. कोय रुजून तांबूस पानांचं रोप वर आलं की त्याचा शेंडा छाटायचा, उरलेल्या दांड्याला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. सालीला साल भिडली पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी वीस-बावीस दिवसांत काडी काळी पडते. भिडली तर डोळा फुटतो, मग म्हणायचं, कलम लागलं.

आमच्याकडे प्रत्येक बांधणाऱ्याच्या पट्टीचा रंग वेगळा असतो. माझी पिवळी. त्यामुळे कोणाचं किती लागलं आणि कोणाचं किती मेलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. पूर्वी माझी शंभरातली नव्वद लागायची. मालक अण्णा गिऱ्हाइकांना मुद्दाम माझ्या वाफ्यापाशी आणायचे. मी मान खाली घालून काम करत असल्याचं दाखवायचो आणि कान तिकडे लावायचो. मग एका पावसाळ्यात पिवळ्या पट्ट्यांच्या रांगाच्या रांगा काळ्या पडायला लागल्या.

हे लिहायला मला दवाखान्यातल्या सिस्टरांनी सांगितलं. म्हणाल्या, "तुमच्यासारखी चूक करून आणखी लोक येतात. काही जण इथे पोचतच नाहीत. जमेल तसं लिहा." चूक म्हणजे दारू पिण्याची नव्हे, ती तर आहेच. त्यांना म्हणायचं होतं ते दारू सोडण्याबद्दल. आम्ही ती सोडली कशी, त्याबद्दल.

सकाळची दारू

दारू कशी लागली ते विचारू नका. सगळ्यांना लागते तशीच लागली. काम सुटल्यावर थोडी, मग घरी जाऊन थोडी, मग रविवार कुठला आणि सोमवार कुठला ते कळेनासं झालं.

एका सकाळी सुरी हातात धरली आणि हात थरथरला. थंडी नव्हती, भीती नव्हती, नुसताच थरथरत होता. काडीवर एक काप बसायचा तिथे तीन बसले. दुसऱ्या दिवशी मी घरून निघताना दोन घोट घेतले. अर्ध्या तासात हात असा थांबला, की मी स्वतःच त्याच्याकडे बघत राहिलो. त्या दिवशीचे काप सगळे साफ होते. मला वाटलं, चला, औषध सापडलं. सुरीला धार लावतात, तशी मी हाताला दारू लावायला लागलो.

पण ती धार अकरापर्यंतच टिकायची. मग शेणखताच्या पोत्यांमागे ठेवलेली पाण्याची बाटली काढायची, तीत पाणी नसायचं. दुपारी जेवणानंतर पुन्हा. वास जावा म्हणून मी लवंगा चघळायचो. माझी बायको शुभांगी मला पुढे म्हणाली, "लवंगेचा वास आला, की मला कळायचा, पिऊन आलाव." मला वाटत होतं मी लपवतोय.

काम बिघडत होतं आणि मी काडीला दोष देत होतो, हवेला दोष देत होतो, पट्टीला दोष देत होतो. एकदा तर पिवळी पट्टीच वाईट आहे, मला दुसरा रंग द्या, असंही अण्णांशी भांडलो. अण्णांनी मला निळी पट्टी दिली. मग निळ्या रांगा काळ्या पडल्या.

चुरगळलेलं पान

गेल्या वर्षी जूनमध्ये केळशीच्या एका बागायतदाराने हापूसची कलमं नेली. म्हणजे टेम्पो भरून झाला होता, दोरी बांधायची राहिली होती. अण्णांना सवय आहे, माल निघताना चार रोपांवरून हात फिरवायचा. त्यांनी एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. मग दुसऱ्या रोपाचं. मग तिसऱ्याचं. मग मला हाक मारली.

"वसंता, वास घे."

मी वास घेतला. मला माझ्या तोंडाचाच वास आला.

"कशाचं पान?"

"हापूस."

"पायरी आहे रे मेल्या! पट्टी तुझी आहे आणि काडी पायरीची आहे!"

आदल्या पावसाळ्यात दोन ओल्या गोणपाटांत दोन जातींच्या काड्या ठेवल्या होत्या. कुठल्या तरी दुपारी मी चुकीच्या गोणपाटात हात घातला आणि संध्याकाळपर्यंत तिथूनच काड्या घेत राहिलो. मला त्यातलं काहीही आठवत नाही. अण्णांनी पान चुरगळलं नसतं, तर त्या केळशीच्या माणसाने पाच-सहा वर्षं खतपाणी केलं असतं आणि पहिला आंबा धरल्यावर त्याला कळलं असतं.

टेम्पो रिकामा केला. मग मात्र अण्णा ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी माझ्या हातातली सुरी घेतली आणि म्हणाले, "दारू न पिता तुझा हात थांबेल त्या दिवशी ये. ही सुरी तुझीच आहे. तोवर मला तोंड दाखवू नकोस."

मला दुसरं काही येत नाही. दहावी नापास, घाटावर कधी गेलो नाही, मुंबईला दोन महिन्यांत कंटाळून परत आलेलो. कलम बांधणं एवढीच माझी ओळख होती आणि ती मला परत हवी होती. तीसुद्धा लगेच, कारण बांधणीचा हंगाम तोंडावर आला होता.

देवळात

आमच्या गावात दारू सोडायची तर ती ग्रामदेवतेसमोर सोडतात. सोमवारी सकाळी आंघोळ करून मी नारळ घेऊन देवळात गेलो. आई होती, शुभांगी होती, वाडीतली चार माणसं होती. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "हे देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरानं आज तुज्या पायाशी नारळ ठेवलान हाय. आजपासून त्याच्या ओठाला थेंब लागलो, तर तू हायस नि तो हाय!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

आई त्या दिवशी किती तरी महिन्यांनी हसली. घरी आल्यावर तिने घावणे केले. मला वाटलं, झालं, चार दिवसांत अण्णांपुढे उभा राहतो.

मंगळवारी दुपारपासून मला घाम फुटला. उलट्या झाल्या, पाणी पोटात ठरेना. हातच काय, जीभसुद्धा थरथरत होती. शुभांगी म्हणाली, "डॉक्टरकडं जाव या." आई म्हणाली, "देव परीक्षा बघतोय. आता मागं फिरायचा नाय." मलाही तेच वाटत होतं. दवाखान्यात जाणं म्हणजे हरणं, असं डोक्यात बसलं होतं. वर्षानुवर्षं रोज दारू पिणाऱ्याने ती एका दिवसात, कोणालाही न विचारता बंद केली तर जीव जाऊ शकतो, हे त्या देवळात उभ्या असलेल्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी मोरीत तोंड धुताना मी पडलो. फिट आली. माझी मुलगी सायली तिथेच उभी होती, शाळेत निघालेली. पुढचं मला आठवत नाही, शुभांगीने सांगितलं तेवढंच लिहितो.

शुद्ध आली पण मी माणसात नव्हतो. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून ओरडत होतो. आईला मी "सायली" म्हणत होतो की "अण्णा" म्हणत होतो, त्यावर आई आणि शुभांगीचं अजून एकमत नाही. मला खाटेला बांधलं. शेजारच्या वाडीतून भगत आणला. त्याने तांदूळ टाकून बघितले आणि माझ्या हातांकडे बोट दाखवलं. माझे हात हवेत चालले होते. डाव्या हाताच्या चिमटीत काही तरी धरायचं, उजव्याने तासायचं, मग गुंडाळायचं, मग पुन्हा. सारखं तेच.

भगत म्हणाला, "बगा, कुनीतरी ह्याच्याकडनं बांधून घेतोय. करणी हाय."

शुभांगी बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "करणीबिरणी काय नाय. कलमा बांधतायत ते."

आणि ती उठून धावत आशाताईंकडे गेली. गावात सरकारी औषधं वाटणाऱ्या त्या बाई. ताई चिखलातून तशाच आल्या, माझ्या कपाळाला हात लावला आणि आईवर खेकसल्या, "दारू एकदम तोडल्यावर असा होता, आये! मरल तो! गाडी बोलवा!" आई म्हणाली की देवाला विचारल्याशिवाय न्यायचं नाही, नारळ ठेवलाय. शुभांगी, जिने पंधरा वर्षांत सासूपुढे आवाज चढवला नव्हता, ती म्हणाली, "देवाला मी बगून घेईन." गुरुवारी दुपारी मला जीपमध्ये घालून रत्नागिरीला आणलं.

वॉर्डात

मी भानावर आलो तेव्हा हात बँडेजने खाटेला बांधलेले होते. पहिला विचार आला, की मी कोणाला तरी मारलं. दुसरा विचार आला, की दारू हवी. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

डॉक्टर बाई होत्या, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी शुभांगीला समोर बसवून मला विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली किती वाजता घ्यायचात?" मी म्हणालो, सकाळची नाहीच. शुभांगी म्हणाली, "सहाला. दात घासायच्या आधी." मी तिच्याकडे रागाने बघितलं. तिने नजर हटवली नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "हा आजार आहे, वसंतराव. तुम्ही देवाला शब्द दिलात ते चांगलं केलंत. पण आधी आमच्याकडे आला असतात, तर औषधं देऊन हळूहळू सोडवली असती. मरता मरता वाचलात."

आजार म्हटल्यावर मला बरं वाटलं. वाईट माणूस असण्यापेक्षा आजारी असणं सोपं. पण पुढच्या वाक्याला पाचावर धारण बसली. लिव्हरला सूज होती, ते भरून येईल म्हणाल्या. हातापायांच्या नसांना मात्र मार बसला होता. बोटांची टोकं बधिर का लागतात आणि गुंडी का लागत नाही, ते तेव्हा कळलं.

"थरथर जाईल ना?" मी विचारलं.

"बरीच कमी होईल. पूर्ण जाईल असं मी आज सांगू शकत नाही."

त्या दिवसापासून मी वॉर्डात एकच उद्योग केला. हात पुढे धरायचा आणि बघायचं. इंजेक्शनच्या आधी, इंजेक्शनच्या नंतर, डाळभाताच्या आधी, नंतर. सिस्टर ओरडायच्या, "सारखं काय बघताय, पळून जाणार आहे का तो?" मला खरंच तसंच वाटत होतं.

शेजारच्या खाटेवर जयगडकडचा एक बोटीवर काम करणारा माणूस होता, ह्याच आजाराचा. सकाळी चहा आला की माझा अर्धा चादरीवर सांडायचा. तो त्याच्या हाताने माझा कप धरायचा, पण त्याचाही हात थरथरायचा, त्यामुळे दोघांनी मिळून धरूनही चहा सांडायचा तेवढाच सांडायचा. आम्ही हसायचो. त्या वॉर्डातलं माझं तेवढंच सुख. तो माझ्याआधी घरी गेला. पुढे त्याचं काय झालं ते विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.

सायली भेटायला आली, पण वॉर्डाच्या दारातच उभी राहिली. मी हाक मारली तर म्हणाली, "हितूनच दिसता." मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

राखण

इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी झाली असती. थांबलो नाही.

चार-साडेचार महिने कोरडे काढले. गोळ्या घेतल्या, घरच्या भातात राबलो, हात हळूहळू शांत होत होता. दिवाळीनंतर गावाची राखण आली. आमच्याकडे शिवेवरच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू देतात. दारू जमिनीवर ओतायची आणि उरलेली प्रसाद म्हणून वाटायची. मी लांब उभा होतो. गावचे जुने मानकरी बाटलीच्या बुचात ओतून माझ्यापाशी आले.

"मी सोडलीय, आजोबा."

"ती दारू सोडलीस. ही देवाची हाय. देवाला नाय बोलू नये."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला बाजूला टाकायचं नाही, एवढंच त्यांना वाटत होतं. एका देवाने मनाई केलेली आणि दुसऱ्याने पुढे धरलेली, अशा पेचात मी एक बूच प्यायलो. पेच वगैरे खोटं आहे. मला हवी होती आणि निमित्त मिळालं.

पुढचे अकरा दिवस मी शुद्धीत नव्हतो. शुभांगी सायलीला घेऊन माहेरी गेली. लोक म्हणाले, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आई देव पाण्यात घालून बसली, माझ्याशी बोलेना. बाराव्या दिवशी सकाळी मला विहिरीच्या काठावर बसावंसं वाटलं आणि मी बसलोही. का उठलो ते ठाऊक नाही. पण उठलो आणि ह्या वेळी नारळ घेतला नाही. पिशवीत टॉवेल, ब्रश आणि दवाखान्याचे जुने कागद भरले. एस.टी.त बसण्याआधी दोन घोट घेतले, कारण वाटेत फिट आली असती. डॉक्टर बाईंना तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आलात ना स्वतः? बसा."

तेव्हापासून आजपर्यंत थेंब नाही. शुभांगी शिमग्याला परत आली. माझ्यावर विश्वास ठेवून आली असं ती म्हणत नाही. मी उशिरा आलो की अजून ती तोंडाचा वास घेते. घेऊ दे.

सुरी

ह्या जुलैत अण्णांचा फोन आला. त्यांचे दोन बांधणारे मुंबईला निघून गेले होते, हजारो रोपं तयार होती, काड्या कापून आणलेल्या होत्या. कापलेली काडी दोन दिवसांत सुकते. "येतोस का? आहेस ना कोरडा?"

मी आदल्या दिवशी पेन्सिल तासून बघितली होती. बरी तासली गेली होती.

शेडमध्ये गेलो, अण्णांनी माझ्या हातात सुरी दिली. शेंडा छाटला. चीर द्यायला पातं टेकवलं आणि ते डावीकडे गेलं. दुसरं रोप घेतलं. काडी तासताना बोटाला काडी लागतेय की पातं, ते कळेना. दहा रोपं घेतली, दहाही फुकट गेली. हात वॉर्डात होता त्याहून कितीतरी शांत होता. बघणाऱ्याला थरथर दिसलीही नसती. पण केसाएवढी होती, आणि आमच्या कामात केसाएवढंच लागतं.

अण्णा शेजारी येऊन बसले. बाहेर काड्यांच्या गोणपाटावर कोणी तरी पाणी मारत होतं. मग त्यांनी पिशवीतून एक लहान बाटली काढली आणि माझ्या गुडघ्यापाशी ठेवली. ह्या माणसाने आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नाही.

"एवढीशी घे. फक्त हातापुरती," ते म्हणाले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. "मी बघितलंय ना वसंता, एक घेतलीस की तुझ्यासारखा काप कोणाचा नाही. हे चार दिवस निभावून ने माझे. मग नको घेऊ."

मला त्यांचा राग आला नाही. ते खरंच बोलत होते. दोन घोटांत तो हात थांबला असता. अर्ध्या तासात मी पुन्हा तो वसंता झालो असतो, ज्याच्या वाफ्यापाशी अण्णा गिऱ्हाइकं आणायचे. मला ती बाटली इतकी हवी होती, की तोंडाला पाणी सुटलं. ह्यापेक्षा जास्त मला आयुष्यात काही हवं झालं नसेल.

मी सुरी बाटलीच्या शेजारी ठेवली. "अण्णा, माझ्याकडनं नाय व्हायचा आता," एवढंच म्हणालो आणि पावसात चालत स्टॉपवर आलो. एकोणीस वर्षांचं काम तिथे संपलं. परत वळायला शंभर पावलं लागली असती, ती मी मनात दोनदा चाललो. मग शुभांगीला फोन लावला.

"झाला काय काम?" तिने विचारलं.

मी रडायला लागलो.

"प्यायलाव?"

"नाय."

"मग रडताव कशाला?"

"हात गेला गो माझा. बांधवत नाय. पुन्यांदा नाय बांधवणार."



"हात जाव दे," ती म्हणाली. "तुमी घरी या."

गाडी आली. मी चढलो.